दहापैकी किती दुखतं

बी. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प करावा लागतो. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी गोळ्या बनवण्याचे किंवा पाल्याचे अर्क काढण्याचे विषय घेतले, कारण त्यात प्रयोगशाळेच्या बाहेर पडावं लागत नाही. अनोळखी माणसांशी बोलताना माझी जीभ जड होते हे आमच्या मॅडमना माहीत होतं. तरी, किंवा कदाचित म्हणूनच, त्यांनी मला बाहेरचा विषय दिला. अफूच्या जातीची वेदनाशामक औषधं डॉक्टर प्रत्यक्षात कुणाला लिहून देतात आणि संशोधनातला पुरावा ती कुणाला द्या म्हणतो, या दोन गोष्टींची तुलना करायची. मी हो म्हटलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे शिकवणाऱ्याला नाही म्हणता येतं हे मला सांगायलाही कुणी नव्हतं.

काम असं होतं. लातुरातल्या एका औषधाच्या दुकानात आणि दोन दवाखान्यांच्या बाहेर बसायचं. रुग्णाला विचारून त्याची चिठ्ठी वहीत उतरवून घ्यायची, दुखणं कशाचं आहे ते लिहायचं आणि मग शून्य ते दहामध्ये किती दुखतं ते विचारायचं. नांदेडच्या एका डॉक्टरांनीही त्यांच्या रुग्णांना विचारायला परवानगी दिली होती. छापील फॉर्मवर पूर्ण वाक्य होतं: शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. पहिला आठवडाभर मी ते वाक्य नीट वाचून दाखवलं. पण लोक घाईत असत, कुणाची बस सुटायची असे, आणि एवढं लांब वाक्य बोलताना मी अडखळत असे. मग मी ते तोडून टाकलं. नुसतं "दहापैकी किती?" असं विचारायला लागले. उत्तर पटकन मिळे. मला वाटलं, मी आता सरावले.

तीनपर्यंत दुखणं सौम्य, चार ते सहा मध्यम, त्याच्या पुढे तीव्र, असं मॅडमनी ठरवून दिलं होतं. शेवटच्या रकान्यात मी लिहायचं, औषध पुराव्याशी जुळतं की जुळत नाही.

दुकानातली एक बाई मला फार आठवते. डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जायची, गुडघे दुखायचे. पदराच्या गाठीत गोळ्यांचं रिकामं पाकीट बांधून आणायची आणि गाठ सोडून काउंटरवर ठेवायची. "हीच दे. दुसरी लागू पडत न्हाई." ती गोळी ट्रॅमाडॉलची होती, अफूच्याच जातीतली, आणि तिची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागते. दुकानदार चिठ्ठी मागायचा. ती म्हणायची, चिठ्ठी घरी राहिली.

"मावशी, दर बारीला चिठ्ठी घरीच कशी ऱ्हाते?" तो म्हणाला. "तिचे बी गुडघे दुखायलेत का?"

ती हसली, मग मीही हसले. मी तिला किती दुखतं विचारलं तर म्हणाली आठ. कधीपासून घेते विचारलं तर म्हणाली, नातू झाला तेव्हापासून, आणि नातू आता शाळेत जातो. मध्ये दोन दिवस गोळी नव्हती तेव्हा अंगाला कापरं भरलं, नाकातून पाणी आलं, जीव कुठेच लागेना, असं तिने सांगितलं. ती त्याला ताप समजत होती. मी वाचलं होतं की जुन्या गुडघेदुखीवर या गोळीचा फायदा थोडाच होतो आणि सवय मात्र लागते. त्या गोळीऐवजी मांडीचे व्यायाम, वजन कमी करणं, लेप असं काय काय पुराव्यात होतं. त्यातलं मी एक-दोन तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "व्यायाम? दिवसभर उकिडवं बसते की बाई." मी 'जुळत नाही' लिहिलं. लिहिताना तिचा अपमान करतेय असं वाटलं. ती गोळी घेऊनच ती रोज कामावर पोचत होती, आणि त्याऐवजी तिला द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं.

दुसरीकडे कॅन्सरचे रुग्ण होते. त्यांच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे. दुखणं तीव्र असेल तर तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या घड्याळ लावून द्याव्यात, दुखायची वाट बघू नये, असं मी जे जे वाचलं त्या सगळ्यात लिहिलेलं होतं. पण त्यांच्या चिठ्ठ्यांवर पॅरासिटामॉल, कधी एखादं इंजेक्शन, यापलीकडे फार काही नसे. मॉर्फिन ठेवायला परवानगी लागते, म्हणून बहुतेक दुकानं ठेवतच नाहीत. जे मिळतच नाही ते लिहायची डॉक्टरांनाही सवय राहत नाही. एकदा मी दुकानदाराला विचारलं तर त्याने आवाज बारीक केला. जणू मी बॉम्बच मागितला होता.

आता मोठेबाबांचं सांगते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. भोकरजवळच्या आमच्या गावात आम्ही सगळे एकाच अंगणात राहतो. त्यांना मूल नाही, म्हणून मी त्यांचीच असं गावात सगळे धरून चालतात. फार्मसीचा फॉर्म भरायला माझ्याबरोबर तेच आले होते. ते तलाठ्याच्या हाताखाली कोतवाल होते. शिक्षण चौथी, पण गावातल्या प्रत्येक शेताचा गट नंबर तोंडपाठ. गेल्या वर्षी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि कळला तेव्हा तो कमरेच्या हाडांत उतरलेला होता. नांदेडच्या ज्या डॉक्टरांकडे त्यांची ट्रीटमेंट चालू होती, तेच माझ्या प्रकल्पाला परवानगी देणारे डॉक्टर. नात्यातला रुग्ण घेऊ का, असं मी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, इतरांना विचारतेस तसंच त्यांना विचार, फरक करू नकोस.

मी फरक केला नाही. दर रविवारी दुपारी हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून मी फोन लावायची. जेवले का, जनावरं कशी आहेत, आणि मग, दहापैकी किती? पहिल्या रविवारी ते जरा थांबले आणि म्हणाले, "चार धर." पुढे साडेतीन झालं, मग तीन, आणि सप्टेंबरच्या शेवटी दोन.

मला किती आनंद झाला होता ते आता लिहायला लाज वाटते. मी रूममेटला सांगितलं, ट्रीटमेंट लागू पडली. डॉक्टरांच्या कागदावरही दोनच लिहिलेलं होतं, कारण तेही ओपीडीच्या गर्दीत तोच प्रश्न विचारत होते. दोन म्हणजे सौम्य. सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉल पुरतं. त्यांच्या नावापुढच्या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात 'जुळतं' लिहिलं. कॅन्सरच्या रुग्णांमध्ये असं 'जुळतं' फार कमी होतं, म्हणून ते लिहिताना बरंही वाटलं.

सोयाबीन निघाल्यावर चार दिवसांची सुट्टी काढून मी घरी गेले. लातूरहून नांदेडपर्यंत बस, पुढे मुदखेडवरून भोकरची गाडी. अंगणात पाय ठेवला तर मोठेबाबा ओसरीवरच्या लाकडी खांबाला धरून उभे होते. मला वाटलं, माझीच वाट बघत असतील. मी पाया पडले, हातपाय धुतले, चहा प्याले, तरी ते उभेच. जेवायच्या वेळी मोठीमायने, त्यांच्या बायकोने, त्यांचं ताट भिंतीतल्या देवळीत ठेवलं आणि ते उभ्यानेच जेवले. अर्धी भाकर. मोठीमायकडे बघितलं तर तिने नजर वळवली. नंतर चुलीपाशी ती मला म्हणाली की महिना झाला, बसलं की कमरेत कळ निघते, आडवं झालं की त्याहून. गोधड्यांची चळत पुढे ठेवून त्यावर ओणवे होतात, तशीच थोडी डुलकी लागते.

मी त्यांच्याजवळ गेले.

"मोठेबाबा, परवा फोनवर तुम्ही दोन म्हणलात ना?"

"दोनच हाय. कदी कदी दीड."

"मग असं उभं कामून राहताय?"

"आता दोनवर माणूस उभा न्हाई ऱ्हाणार तर काय नाचंल का माय?"

मला खरंच कळलं नाही. मी म्हटलं, दोन म्हणजे थोडंसंच दुखतं ना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते नव्याने बदलून आलेल्या तलाठ्याकडे बघत असत.

"थोडं? दोन म्हंजे वीस पैसे. वीस पैशाचं पीक कसं असतं ठाऊक न्हाई तुला? कास्तकाराची पोर ना तू?"

आमच्या भागात ज्याचं पोट शेतीवर आहे त्याला पैसेवारी सांगावी लागत नाही. मला सांगावी लागली, कारण मी त्या क्षणी ती विसरले होते. दरवर्षी सरकार गावाचं पीक रुपयात किती पैसे आलं ते जाहीर करतं. भरपूर आलं तर सत्तर, ऐंशी पैसे. पन्नासच्या खाली गेलं की टंचाई. आकडा जितका लहान, तितकी अवस्था वाईट. मोठेबाबांनी तीस वर्षं हेच काम केलं होतं. शेतात दोरी धरायची, ठरलेल्या तुकड्यातलं पीक कापायचं, मळायचं, काट्यावर ठेवायचं, आणि कुणाच्या दबावाला बळी न पडता खरा आकडा सांगायचा. एका वर्षी गावातल्याच लोकांनी त्यांना खराब तुकडा निवडायला सांगितला होता आणि त्यांनी ऐकलं नव्हतं, म्हणून महिनाभर त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. अशा माणसाला मी फोनवर विचारत होते, दहापैकी किती. त्यांनी अंग किती शिल्लक आहे ते मोजलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं.

मी म्हटलं, डॉक्टर तर दुखणं किती असं विचारतात.

"इचारतेत. पन गेलेलं कुनी मोजतं का? ऱ्हायलेलं मोजतेत."

मग मी विचारलं, एवढं दुखत होतं तर औषध बदला म्हणून का नाही सांगितलं. अंगणात कोंबड्या सोयाबीनचा भुसा उकरत होत्या.

"पन्नासच्या खाली गेलं की मदत जाहीर व्हती," ते म्हणाले. "डॉक्टरनं लिवून घेतलं, तू बी लिवून घेतलंस. म्हनलं, आज ना उद्या येईलच. वरच्या कामाला टाइम लागतो."

मी गोठ्याकडे जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही, यायला हवं होतं. माझ्या डोळ्यांसमोर तो रकाना आणि त्यातला माझा शब्द होता. चार, साडेतीन, तीन, दोन. दर रविवारी ते आणखी बुडत होते आणि मी ते आनंदाने लिहून घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना घेऊन नांदेडला निघाले. गाडीत जागा होती, तरी ते भोकरपासून नांदेडपर्यंत दाराजवळच्या दांडीला धरून उभे राहिले. मुदखेडला चढलेल्या एका म्हाताऱ्याने त्यांना बसायला सांगितलं, मग जोरात सांगितलं, बहिरे समजून. मोठेबाबा म्हणाले, बसा तुमी, मला उभ्यानं वारं लागतं. मी शेजारी उभी राहून डॉक्टरांना काय म्हणायचं त्याची मनात घोकंपट्टी करत होते. माफ करा, सर, पासून सुरुवात होती. डॉक्टर चुकले असं ऐकू येऊ नये, असं वाक्य मला जमत नव्हतं. कारण चूक माझी जास्त होती. त्यांच्याकडे एवढी गर्दी असते. माझ्याकडे तर छापील वाक्य होतं आणि वाचून दाखवायला आख्खा रविवार.

डॉक्टरांसमोर मी सगळं उलटसुलट सांगितलं. पैसेवारीवर आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. ते स्वतः मराठवाड्यातलेच, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी मोठेबाबांना खुर्चीवर बसायला सांगितलं. मोठेबाबांनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकले आणि बसले नाहीत.

"बाबा, मग माझ्या मापानं तुमचं किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"दहातून दोन गेले, आठ. आज गाडीत लई धक्के बसले, तवा साडेआठ धरा."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावरचं दोन खोडलं, वर साडेआठ लिहिलं आणि खाली सही केली. मग माझ्याकडे बघून, थोडं गमतीत आणि थोडं नाही, म्हणाले, "म्हणजे आता माझ्या सगळ्या खेड्यातल्या पेशंटांना मी परत विचारायचं का?" त्यांनी त्याच शहरात वेदना कमी करण्याच्या ओपीडीत बसणाऱ्या एका डॉक्टरबाईंच्या नावे चिठ्ठी दिली आणि फोनही केला. बाईंनी मोठेबाबांना उभ्यानेच तपासलं. आकडा विचारला नाही. झोप किती लागते, चपला स्वतः घालता येतात का, जेवण किती जातं, असं विचारत गेल्या. मॉर्फिनच्या गोळ्या तिथल्याच खिडकीवर मिळाल्या. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि झोपताना दुप्पट. मध्येच कळ आली तर एक जादा. सोबत पोट साफ होण्याचं औषध, ते चुकवायचं नाही. हाडांवर किरणांचा शेक देता येईल का त्यासाठी वेगळी तारीख. बाई म्हणाल्या, दुखत नसलं तरी वेळ झाली की गोळी घ्यायची.

खरी अडचण घरी आल्यावर सुरू झाली. माझे वडील शेतातून आले आणि त्यांनी पाकीट हातात घेऊन मला विचारलं की यात काय आहे. मी खोटं बोलू शकले असते. मी म्हटलं, अफूपासूनच बनतं.

"म्हंजे अफीम. दादाला तू अफीम देनार?"

ते मोठ्याने बोलले नाहीत. त्यांनी मला सांगितलं की ते लहान असताना गल्लीतल्या बाया शेतात निंदायला जाताना तान्ह्या लेकरांना अफूचा एवढासा दाणा चाटवून झोपवून जायच्या. त्यातलं एक लेकरू संध्याकाळी उठलंच नाही. त्याला पुरायला आमचे आजोबा गेले होते. वडिलांनी हे मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मोठीमायने तेवढ्यात पाकीट उचललं आणि ज्वारीच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. तिच्या डोक्यात वेगळंच होतं. शेजारच्या गावात एकाला शेवटच्या दोन दिवसांत हीच गोळी दिली होती, म्हणून ही शेवटची गोळी. ती म्हणाली, आपण ठेवू, लागेल तेव्हा काढू.

मी बोलायला लागले आणि अडखळले. पुरावा हा शब्द मला घरात उच्चारताच येईना. मी त्यांना डाळ मिलच्या बाईचंही सांगितलं, कारण ते न सांगणं मला बरोबर वाटलं नाही. ही गोळी चुकीच्या दुखण्यावर, कुणाच्या नजरेखाली न राहता घेतली तर सवय लागते, हे खरं आहे. पण कॅन्सरच्या दुखण्यात, मोजून, वेळेवर, डॉक्टरांच्या नजरेखाली घेतली तर माणूस नशेत पडत नाही, उलट बसायला उठायला लागतो. आणि शेवटच्या दोन दिवसांसाठी राखून ठेवण्यात फायदा नाही, मधले दिवस फुकट जातात. सुरुवातीला गुंगी येईल. याने आजार बरा होणार नाही. हे शेवटचं वाक्य बोलताना मी मोठेबाबांकडे बघितलं नाही.

"हे कुनी ठरिवलं?" त्यांनी विचारलं. ते खांबापाशीच होते. "लागू पडतं का न्हाई, ते कसं बगितलं?"

मी सांगितलं की औषध तपासताना रुग्णांचे दोन गट करतात. कोण कुठल्या गटात जाणार ते डॉक्टर ठरवत नाहीत, चिठ्ठी टाकल्यासारखं आपोआप ठरतं. कुणी काय घेतलं हे बहुतेक वेळा रुग्णालाही सांगत नाहीत. मग दोन्हीकडचं मोजतात.

ते एकदम ताठ झाले. "हे तर पीक कापणीवानीच झालं. आमाला बी गट नंबर वरनंच यायचा. तुकडा कुठं पाडायचा त्याचा आकडा कागदात छापलेला. पाटलाचं शेत असू दे न्हाई तर माजं." मग जरा पुढे वाकून त्यांनी मला विचारलं, "त्यात कुनाचा पाव्हना तर न्हाई ना घुसला?"

मी म्हटलं, घुसू नये म्हणूनच चिठ्ठी टाकतात. तरी कधी कधी घुसतो, म्हणून एकावर भरवसा ठेवत नाहीत, पुष्कळ ठिकाणचं बघतात.

"मंग काड ती डब्यातनं," ते मोठीमायला म्हणाले.

तिने काढली. वडील उठून बाहेर गेले. घड्याळात सहाला पाच मिनिटं कमी होती. मोठेबाबांनी पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि सहा वाजेपर्यंत थांबले.

माझ्या प्रकल्पाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण ते फारसं चांगलं नाही. लातूरला परत गेल्यावर मी मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील तेवढी एक नोंद काढून टाक. त्यांनी विचारलं, वाक्य तोडून विचारलेल्या नोंदी किती? बहुतेक सगळ्याच होत्या. मी वहीतले नंबर काढून एकेकाला फोन केले आणि या वेळी पूर्ण वाक्य वाचून दाखवलं. काहींनी फोन उचलले नाहीत. एकाच्या मुलाने सांगितलं, बाबा गेले. त्यांचा आकडा माझ्या वहीत तीन होता आणि तो कुठल्या बाजूचा तीन हे आता कुणीच सांगू शकणार नाही. किनवटकडच्या एका आजीने पूर्ण वाक्य ऐकून घेतलं आणि म्हणाली, असं हाय व्हय, मंग माजं उलटं लिव. माझा निष्कर्ष त्यामुळे बदलला. कॅन्सरच्या रुग्णांमधले थोडेफार 'जुळतं' होते, तेही कमी झाले. अहवालात मी माझी चूक लिहिली. मॅडमनी त्या परिच्छेदातली माझी दोन विशेषणं तेवढी खोडली, बाकी ठेवलं.

पण मला लिहायचं होतं ते गोळी सुरू झाल्यापासूनच्या तिसऱ्या दिवसाचं.

पहिल्या दिवशी गोळीने मोठेबाबांना मळमळलं आणि ते चिडचिडले. वडील माझ्याशी बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठेबाबा पाच मिनिटं पायरीवर बसले आणि उठले. तिसऱ्या दिवशी दोनची गोळी घेतल्यावर त्यांनी मोठीमायला ओसरीवर गोधडी टाकायला सांगितली. एक हात जमिनीला टेकवला, मग गुडघा, मग हळूच कुशीवर झाले. आम्ही दोघी श्वास रोखून बघत होतो. थोड्या वेळाने त्यांचं तोंड उघडं पडलं आणि घोरणं ऐकू आलं.

एखाद्या सुखी घरात अशा वेळी माणसं निर्धास्त होत असतील. आम्ही घाबरलो. मोठीमायने दोनदा जाऊन त्यांच्या नाकाखाली बोट धरलं. जास्त मॉर्फिनने श्वास मंदावतो हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, आणि डोस लहान आहे हे माहीत असूनही मी फोनमधलं घड्याळ लावून त्यांची छाती मिनिटात किती वेळा वर येते ते मोजत बसले. तेरा. परत मोजले, चौदा.

"चालू हाय न्हवं?" मोठीमाय कुजबुजली.

"हाव."

"तुला नीट मोजता येतं ना ग?"

तिने ते टोचायला म्हटलं नव्हतं, पण मला लागलं. मी म्हटलं, ये, आपण दोघी मोजू. ती माझ्या शेजारी मांडी घालून बसली आणि आम्ही ओठ हलवत मोजायला लागलो. तेवढ्यात वडील शेतातून आले. मोठेबाबांना आडवं बघून ते अंगणातच थबकले. मी हाताने सांगितलं, झोपलेत. ते ओसरीच्या कडेला टेकले. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं की संध्याकाळची गोळी किती वाजता असते.

"सहाला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि मोबाइल काढून त्यात गजर लावायचा कसा ते मला विचारलं. मी लावून दिला. लावता लावता नमुन्याची सुरावट जोरात वाजली आणि मोठेबाबांनी डोळे उघडले. आम्हा तिघांना आपल्याभोवती बसलेलं पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"कुनी मेल्यावानी काय बसलात सगळे भवताली? च्या टाका कुनी तरी."

मोठीमाय लगबगीने उठली. ती चूल पेटवेपर्यंत, कुणाचा हात न धरता ते दुसऱ्या कुशीवर वळले आणि परत झोपले. चहा झाला. तिने तो आणून त्यांच्या उशाशी ठेवला, त्यावर बशी झाकली आणि आम्हाला खुणेने सांगितलं, उठवू नका.